पुनवेची भरती आणि आमचे आबा

आबा गेले ते वद्य अष्टमीला. सकाळी दिगूदादाचा फोन आला तेव्हा मी कणकवलीत माझ्या ओट्यापाशी उभी होते, तव्यावर भाकरी होती. “बाय, आबा गेले,” दादा म्हणाला. “चाय घेतल्यानी, कप खाली ठेवल्यानी... आणि गेले.” त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता. मी भाकरी उलटली, ती नीट भाजून होईपर्यंत तिथंच उभी राहिले, मग गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसून रडले. नव्वदीला टेकलेला माणूस चहा पिऊन शांतपणे जातो, यात रडण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण बाप कितीही म्हातारा झाला तरी तो जाईल असं आपण धरून चाललेलो नसतो.

गावी पोहोचले तर अंगणात माणसं जमलेली. शेजारचा बाबलो पडवीच्या खांबाला टेकून सांगत होता, “म्हातारो हुशार. बरोबर भांगाच्या दिवशी गेलो. बांधाक तरास नको म्हणान.” जमलेल्यांत हलकं हसू पसरलं, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. ज्यांना समुद्राचा शेजार नाही त्यांच्यासाठी सांगते. पुनव आणि अमावास्येच्या आसपास भरती सगळ्यांत मोठी असते, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाणी जेमतेम चढतं आणि उतरतं, तो भांग. आबांचं सगळं आयुष्य या दोहोंत वाटलेलं होतं. उधाणाला ते बांधावर, आणि भांगाला आमच्यात. आमच्यात म्हणजे अंगणात, कुदळीचा दांडा तासत.

आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या काठावर. गावाचे बरेचसे कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. मध्ये एक मातीचा बांध. त्याच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. बांध शाबूत तर भात आहे. बांध फुटून खारं पाणी एकदा आत शिरलं, की दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत त्या कुणग्यात भाताचं नाव घ्यायला नको. जुनी रीत अशी, की ज्याचा कुणगा त्यानं त्याच्यासमोरचा बांध राखायचा. रीत चांगली होती, पण माणसं गावात होती तोवर. मग एकेक घर मुंबईला गेलं, दाराला कुलूप लागलं आणि त्यांच्या वाट्याचा बांध बेवारस झाला. आबांनी एकेक करत ते सगळे वाटे आपल्या अंगावर घेतले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आमची गत. आबांचं म्हणणं मात्र सरळ होतं. “पाणी काय सातबारो बघून आत येता?” शेजाऱ्याच्या वाट्यातून शिरलेलं पाणी शेवटी आमच्याच भातात येणार. हे म्हणणं खोडता येत नसे, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग यायचा.

बांध पोखरतात त्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे. कुर्ली बीळ करते, बिळातून पाणी झिरपतं, उधाणाच्या जोरानं झिरप वाढते आणि बघता बघता बांध बसतो. म्हणून आबा उधाणाच्या दिवसांत दुपारी, भरती पुरी व्हायच्या वेळेला, बांधावर अनवाणी फिरत. तळव्याला गार लागलं की थांबायचे. खाडीतला चिखल आणि भाताचं गवत मळून त्याचा गोळा करायचे, तो बिळावर ठेवायचे आणि टाचेनं चापायचे. हातानं चापलेला चिखल त्यांना मान्य नव्हता, त्यात अंगाचं वजन पडत नाही म्हणून. पाऊस असो, ऊन असो, घरात पाहुणे असोत, पाणी उतरायला लागेपर्यंत आबा परत यायचे नाहीत. गावातली माणसं चिडवत, “गावाक राखणदार दोन. एक देवळातलो, एक बांधावयलो.” आबांना हे चिडवणं आहे हेच कळत नसे. ते मान हलवून होय म्हणत.

आता सण बघा. होळी पुनवेला, नारळी पौर्णिमा पुनवेला, लक्ष्मीपूजन अमावास्येला. पंचांग करणाऱ्यानं आबांशी उभा दावाच मांडला होता. होळीची पोळी त्यांनी कधी गरम खाल्ली असेल तर मला आठवत नाही. माझं लग्न ठरवायला कणकवलीची मंडळी आली, तेव्हा सासऱ्यांनी पंचांग उघडण्याआधीच आबा म्हणाले, “पुनव, आवस आणि तेंचे आदले-फुडले दिस सोडा. बाकी खंयचोय दिस धरा.” सासरे सज्जन माणूस, त्यांनी विचारलं, “त्या दिवसांत तुमच्याकडे देवाचं काही असतं का?” आबा गंभीरपणे “होय” म्हणाले आणि आई तोंडाला पदर लावून आत पळाली. भटजींनी काढलेला उत्तम मुहूर्त अर्थातच पुनवेच्या तोंडावरचा होता. तो गेला, आणि माझं लग्न सप्तमीला, साधारण मुहूर्तावर लागलं. संसार चांगला झाला हे आबांचं नशीब, नाहीतर मी त्यांना जन्मभर ऐकवलं असतं.

पण सगळंच हसण्यावारी नेता येण्यासारखं नव्हतं. आईचं माहेर विजयदुर्ग. एसटीनं सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येईल एवढं जवळ, तरी आबा सासुरवाडीला मुक्कामाला असे कधी राहिलेच नाहीत. माझी आजी गेली तो दिवस अमावास्येचा. आबांनी आईला आणि मला एसटीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं, “हेंका विजयदुर्गाक उतरव,” आणि ते बांधाकडे वळले. मामानं दारातच विचारलं, “भावोजी खंय?” आई म्हणाली, “येतहत.” आबा आले ते उधाण ओसरल्यावर. तोवर आजीला जाऊन इतके दिवस झाले होते, की मामा त्यांच्याशी पाऊसपाण्याचंच बोलला. आई त्यांना एका शब्दानं काही बोलली नाही. मात्र परतताना, आबा पुढच्या बाकावर डुलक्या काढत असताना, ती खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, “तुज्या बापाशीचा लगीन त्या बांधावांगडा झाला गो. माका नुसती घर राखूक आणल्यानी.” मी लहान होते. पण ते वाक्य घेऊनच मी मोठी झाले. आईला नवरा मिळाला का, हा प्रश्न कुठल्याही मुलीनं स्वतःला विचारू नये असा आहे, आणि मी तो वर्षानुवर्षं विचारत राहिले.

आबा पुरते आमचे होते असे दिवस आठवायला गेले तर मला एक गावपळण आठवते. आमच्या भागातल्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळी. चुली विझवायच्या, दारं लोटायची, शिवेपलीकडे झावळांच्या खोपी घालून राहायचं, आणि देवानं परतायचा कौल दिल्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही. त्या दिवसांत गाव देवाचा. आम्हा पोरांना गावपळण म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. शाळा नाही, घर नाही, चूल उघड्यावर, आणि सगळी पोरं दिवसभर एकत्र. त्या वर्षी ती भातं कापून झाल्यावर आली, आणि नेमकी तिच्यात पुनव. आबांचं तोंड उतरलं. ते देवळात गेले आणि त्यांनी गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं, “बा देवा म्हाराजा, बांधाक एकट्याक टाकून जावचा कसा? ह्या तुज्या लेकराक हयसर ऱ्हवाची परवानगी दी म्हाराजा.” देवाला लावलेली कळी डावीकडून पडली. डावा कौल, म्हणजे नाही. आबांनी पुन्हा विचारायला लावलं, पुन्हा डावा. तिसऱ्यांदा ते तोंड उघडणार तोच गुरव म्हणाला, “भिकाजी, देवाक सुदा कटाळो येता.”

मग आबांनी एक युक्ती केली, आणि तीच त्यांना भोवली. सगळा गाव खाडीपलीकडच्या माळावर आंब्यांच्या सावलीत उतरला. आबांनी आमची खोप मात्र माळाखाली, खाडीच्या त्याच तीरावर, भर उन्हात घातली. गावाची शीव खाडीच्या मधून जाते. तेव्हा देवाच्या हिशेबानं आम्ही बाहेर, आणि बांध समोर, अगदी डोळ्यांपुढे. आई झावळांवर झावळ टाकत म्हणाली, “गाव सुटलो, पण बांध काय सुटलो नाय.” आबा ऐकून न ऐकल्यासारखं करून खुंटा ठोकत राहिले. पहिला दिवस त्यांनी तीरावर बसून काढला. आम्ही माळावर खेळून आलो, जेवलो, पुन्हा खेळायला गेलो, तरी ते तिथंच. बांधाकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ.

दुसऱ्या दिवशी पुनव. रात्रीच्या भरतीत बांधानं कुठंतरी पाणी धरलं असणार. दुपारी पुन्हा पाणी चढायला लागलं तसे आबा उठून उभे राहिले. आई चुलीशी पेज ढवळत होती. दादा त्या वर्षी दहावीला, तो खोपीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसला होता. आधी बांधाच्या अंगावर एक काळसर ओली रेघ दिसली. मग तिथली माती खाली बसली, आणि पाणी आत जाताना दिसलं. इकडे काहीच ऐकू आलं नाही. जे व्हायचं ते आमच्यासमोर, अगदी नीट दिसेल असं, आणि मुकाट्यानं झालं. बांध दिसावा म्हणून निवडलेली जागा... तिथून तो फुटलेलाही तितकाच स्पष्ट दिसला. कुणीतरी बातमी दिली असावी, माळावरची माणसं येऊन आमच्या मागे उभी राहिली. आबा पाण्यात उतरले. पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. पोहून पलीकडे जाणं त्यांना मुळीच जड नव्हतं. पण त्यांनी शीव मोडली असती, तर पुढं गावात कुणाचं जनावर दगावलं, कुणाचं पोर आजारी पडलं, तरी बोट आमच्या घराकडे आलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून कुणी त्यांना हाक मारत नव्हतं. आईनं हातातला डाव खाली ठेवला. लुगडं वर खोचून ती पाण्यात उतरली आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. समोर बघतच तिनं विचारलं, “गेलो?”

“गेलो.”

“मगे भायर येवा. पेज निवता.”

आणि आबा बाहेर आले. अंग न पुसता पेज प्यायले, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा खाल्ला, आणि खोपीत जाऊन आडवे झाले. आबांना उन्हाच्या वेळी झोपलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मी आणि दादा त्यांच्या पायाशी बसून नुसते बघत राहिलो. राखायला काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांना झोप लागली असावी. उठले ते निराळेच. संध्याकाळी ओहोटीला आईबरोबर खाडीत उतरून त्यांनी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचल्या. आई म्हणत होती, वाळूत असा हात फिरवा, आणि आबा शहाण्या मुलासारखे तसा हात फिरवत होते. मला खांद्यावर घेऊन ते माळावर गेले. भजनाला बसले आणि झांज हातात घेऊन एक अभंग असा काही चढवून म्हणाले, की बायका फुगडी सोडून ऐकायला आल्या. आमच्या बापाला गाता येतं हे आम्हाला तिथं कळलं. दादा मला कुजबुजून म्हणाला, “बांध फुटलो ता बरा झाला.” मलाही तसंच वाटत होतं. आईचं काय होतं ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं, पण त्या रात्री तिनं तिसऱ्यांच्या कालवणात खोबरं सढळ हातानं घातलं एवढं खरं. कौल मिळेपर्यंतचे ते दिवस... माझ्या बालपणात आबा शोधायला गेले तर ते तिथं सापडतात.

देवानं परतायचा कौल दिला आणि आबा घरात न शिरता थेट बांधावर गेले. भगदाड बुजवायचं काम शिमग्यापर्यंत चाललं. हे काम ओहोटीलाच करता येतं, आणि ओहोटी काही शाळेची वेळ बघून येत नाही. मजूर मिळेनात, बांधाचे अर्धे वारसदार मुंबईला. दादाला रोज चिखलात उभं राहावं लागलं. कधी शाळेआधी, कधी शाळेऐवजी. दहावीत तो गणितात राहिला. हुशार मुलगा होता, सर घरी येऊन आबांना सांगून गेले होते, तरीही. पुन्हा परीक्षेला बसायचं त्यानं नाकारलं आणि काकांकडे मुंबईला जायला निघाला. जाताना बांधावर जाऊन त्यानं आबांना तोंडावर सांगितलं, “माका ह्या चिखलात मरुचा नाय.” आबा टाचेनं बीळ चापत होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि त्याला गाडीवर सोडायलाही आले नाहीत. सोडायला आई गेली, मी गेले. दादानं एका गोदामात नोकरी धरली, तिथंच चढत चढत देखरेखीचं काम बघू लागला, संसार मांडला. पण गणपतीलासुद्धा तो दोन दिवसांवर राहायचा नाही, आणि बांधाच्या वाटेला तर पाऊलही टाकायचा नाही. आबांनी त्या वर्षी बांध परत उभा केला, आणि त्याची किंमत दादानं भरली. हे मी गोड करून लिहिणार नाही, आबांनाही ते आवडलं नसतं.

तरीही आज लिहायला बसले तर मनात पहिला येतो तो तांदूळ. आमच्या खाऱ्या कुणग्यांतला लालसर, जाड, उकडा तांदूळ. बाकी कुठल्या भाताला तो वास नाही. माझ्या लग्नानंतर दर वर्षी मार्गशीर्षात आबा स्वतः एसटीनं पोतं घेऊन कणकवलीला यायचे, भांगाचा दिवस बघूनच. पोतं दारात ठेवून म्हणायचे, “नवो आसा. पाणी थोडा जास्त घाल.” चहा घ्यायचे, मुलींच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि परतीची गाडी पकडायचे. माझ्या दोन्ही मुली त्या तांदळाच्या पेजेवर वाढल्या. आमच्या बांधाच्या आतला एकूण एक कुणगा आजही हिरवा होतो, आणि त्यातले बरेचसे आमचे नाहीत. मुंबईहून जी माणसं मे महिन्यात येतात आणि आपल्या शेताचे फोटो काढतात, त्यांचं शेत अजून शेत आहे ते आबांच्या टाचांमुळे. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आबांना दुसऱ्याचं जळतं तेही कळायचं, आणि आम्हाला कधी कधी वाटायचं, आमचंच तेवढं कळत नाही.

आईच्या शेवटच्या आजारात मी तिला कणकवलीला माझ्या घरी आणलं. श्रावण होता. आबा बरोबर आले आणि तिच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसले. दादाही मुंबईहून आला होता. एका सकाळी आईनं डोळे उघडून विचारलं, “आज नारळी पुनव ना गो?” मी होय म्हटलं. ती आबांकडे वळली. “जावा तुमी.”

“मी जावचंय नाय,” आबा म्हणाले.

मी जागच्या जागी थांबले. जन्मात पहिल्यांदा पुनव होती, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि आबा कणकवलीत स्टुलावर बसून होते. मला वाटलं, आईला बरं वाटेल. तर ती चिडली. “बांध गेलो तर खापर माज्या डोक्यार नको,” म्हणाली, आणि दादाला तिनं जवळ बोलावलं. “दिगू, तू जा. वळणार भेंडीचा मोटा झाड आसा, तेच्या मुळाकडे बघ. थंय कुर्ल्यो जास्त. टाचेन चाप, हातान नको.” दादानं एकदा तिच्याकडे, एकदा आबांकडे बघितलं. त्यानं माझ्या नवऱ्याची स्कूटर काढली आणि पावसात निघाला. संध्याकाळी आला तो कमरेपर्यंत चिखलानं भरलेला. मी टॉवेल घेऊन धावले, पण आबांनी आधी विचारलं, “खंय झिरपता?”

“भेंडीकडेच. चापलंय.”

“टाचेन?”

“टाचेन.”

बापलेकांत इतकं बोलणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आई डोळे मिटून पडली होती, पण ती जागी होती, कारण तिच्या ओठांत हसू होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. भेंडीपाशी कुर्ल्या जास्त हे तिला घरात बसून कसं कळलं, हे विचारायचं त्या धांदलीत कुणाला सुचलं नाही. दादाचं मात्र तेव्हापासून गावी येणं वाढलं. निवृत्त झाल्यावर तो वहिनीला घेऊन कायमचा आला. शेवटची वर्षं तो आणि आबा एकमेकांशी बांधाबद्दलच बोलत. मला आधी ते कोरडं वाटायचं. मग लक्षात आलं की दोघं त्यातच सगळं काही बोलून घेतात.

आबांचं उत्तरकार्य आटोपून मी कणकवलीला परतले होते. पुनवेच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला. “उद्या येतस?” एवढंच. मी गेले. वहिनीनं पेज आणि चटणी बांधून दिली, आणि भर दुपारी आम्ही दोघं बहीणभाऊ बांधावर चढलो. बांध सगळीकडे एका माणसापुरता. समोरून कुणी आलं तर एकाला खाली उतरावं लागतं. वळणावर भेंडीपाशी मात्र तो एकदम रुंद झाला होता, दोन माणसं शेजारी ऐसपैस बसतील इतका. मी म्हटलं, “हयसर इतकी माती कित्याक घातल्यानी? जागा कच्ची म्हणान?”

“जागा कच्चीच,” दादा म्हणाला. “पण माती तेच्यासाटी नाय. आये बसाची हयसर.”

“आये? बांधार?”

मग दादानं सांगितलं. आबांनी ते त्याला अलीकडे, काम करता करता सांगितलं होतं. माझं लग्न झालं, दादा मुंबईत, घर रिकामं झालं. त्याच्या पुढच्याच पुनवेला आई पेजेचं मडकं घेऊन बांधावर येऊन उभी राहिली. आबा ओरडले, पाय घसरेल म्हणून. तर ती म्हणाली, “घरात भिंतींवांगडा किती बोलू?” त्या दिवशी ती उभ्यानंच थांबली. पुढच्या अमावास्येला आली तेव्हा आबांनी भेंडीच्या सावलीत तिच्यासाठी ही बैठक करून ठेवली होती. तेव्हापासून दर उधाणाला, आजारी पडेपर्यंत, ती आबांबरोबर बांधावर होती. आबा फेरी मारून यायचे, तिच्या शेजारी टेकायचे, पेज प्यायचे, पुन्हा उठायचे. पाणी उतरेपर्यंत दोघं तिथं गप्पा मारत. आईच्या वाटणीचा नवरा बांधानं खाल्ला असं मी मानत आले होते, आणि आई तर आपला वाटा घ्यायला चालत बांधावर गेली होती. मला ती कधी बोलली नाही. बोलायचं कशाला, तो त्या दोघांचा संसार होता. मला तिथं उभ्या उभ्या इतकं हलकं वाटलं, की दादाच्या देखत रडूच आलं.

“पण आयेक जावन किती वर्सा झाली,” मी डोळे पुसत म्हटलं. “मातीचो बांध. पावसात झिजाक होयो होतो.”

“झिजता. दर वर्सा झिजता,” दादा म्हणाला. “आबा दर वर्सा चिखल घालून तितकीच रुंद करीत. मागच्या वर्सा उभ्यान जमला नाय, तर बसान घातल्यानी.”

“आणि औंदा?”

दादानं खाडीकडे बघितलं. पाणी अजून चढत होतं. “औंदा मी घातलंय,” तो म्हणाला. “काल.”

मी खाली पाहिलं. चिखल अजून पुरता सुकला नव्हता, आणि त्याच्यावर दादाच्या टाचांचे ठसे होते. मी चपला काढल्या, साडी सावरून तिथं बसले, आणि पाणी उतरेपर्यंत दादाला माझ्या शेजारून उठू दिलं नाही.